ट्रक आला का?

ग्वाडलूप नदीवर हिवाळ्यात भेटणारी माणसं एकमेकांची खुशाली विचारत नाहीत. ‘ट्रक आला का?’ एवढंच विचारतात. आला असेल तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर तरतरी येते. नसेल आला तर तो आकाशाकडे बघून ‘हवा मात्र छान पडलीय’ म्हणतो आणि तरीही गाडीतून सामान काढायला लागतो, कारण इतक्या लांब आल्यावर तसंच परत जायचं कसं?

हा ट्रक म्हणजे टेक्सास राज्याच्या वन्यजीव खात्याचा टँकर. त्यात थंड पाणी असतं, पाण्यात प्राणवायू सोडलेला असतो आणि त्यात रेनबो ट्राउट जातीचे मासे असतात. टँकर पुलापाशी थांबतो, खात्याचे लोक मासे नदीत ओततात आणि पुढच्या गावाला निघून जातात. मग आम्ही, म्हणजे सुशिक्षित, कमावते, घराचे हप्ते भरणारे पुरुष, कमरेइतक्या पाण्यात उतरतो आणि निसर्गाच्या कुशीतल्या त्या रानटी जलचराशी झुंज घेतो.

टेक्सास म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर निवडुंग, काऊबॉय आणि भाजून काढणारं ऊन आलं असेल, तर ते बरोबरच आहे. जुलै-ऑगस्टात इथे सावलीत चाळीस अंश होतात आणि सावली सहसा दुसऱ्याच्या मालकीची असते. रेनबो ट्राउट हा मुळात पॅसिफिक किनाऱ्याकडच्या गार नद्यांतला मासा. पाणी वीस अंशांवर गेलं की तो कासावीस होतो, पंचविशीच्या आसपास राम म्हणतो. अशा माशाला टेक्सासात आणणं हा उघडउघड छळ आहे. पण १९६४ साली अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरांनी ग्वाडलूपवर कॅन्यन धरण पुरं केलं. धरणाचं पाणी तळातून सुटतं आणि तळाचं पाणी गारेगार, त्यामुळे धरणाखालचे काही मैल ही नदी आपण टेक्सासात आहोत हे विसरते. या पाण्यात पहिले ट्राउट कुणी सोडले? शास्त्रज्ञांनी नव्हे. १९६६ साली सॅन अँटोनियोच्या लोन स्टार या बिअर कंपनीनं. या छंदाचा उगम बिअरमध्ये आहे हे कळल्यापासून मला पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला.

तसं पाहिलं तर माशांची ही हौस जुनी आहे. इंग्रज जिथे गेले तिथे त्यांनी आधी क्लब काढला आणि मग जवळपासच्या ओढ्यात ट्राउट सोडला. काश्मीर, निलगिरी, मुन्नार, सगळीकडे. पण ते निदान थंड जागा बघून सोडत होते.

मी मूळचा रत्नागिरीचा. आमच्याकडे मासे गरवायचे म्हणजे काठी, दोरी, गरी आणि कोळंबीचा तुकडा घेऊन जेटीवर बसायचं. लागला तर कालवण, नाही लागला तर बाजार. दोन्हीत मान-अपमानाचा प्रश्न नव्हता. पुढे ऑस्टिनला आलो. नोकरी, घर, मुलं, गुडघे असं सगळं यथाक्रम झालं. पन्नाशीच्या तोंडावर पुरुषाला काहीतरी लागतंच. कुणाला मॅरेथॉन लागते, कुणाला व्हिस्कीतलं कळायला लागतं, आमच्या मराठी मंडळाचे एक माजी खजिनदार आंबवलेला पाव करायला लागले आणि आता त्यांच्याकडे चहाला जायची भीती वाटते. मला फ्लाय फिशिंग लागलं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या गळाला वजन असतं, ते फेकलं की दोरी निमूटपणे मागून जाते. इथे उलटा कारभार. फ्लाय म्हणजे बारीक आकड्यावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून दोरीच जड करायची, ती डोक्यावरून मागे-पुढे हवेत खेळवायची आणि तिच्या जोरावर किडा पुढे पोचवायचा. जे काम दोरीला खडा बांधून एका झटक्यात होतं, ते अनेक वर्षं शिकूनही न होणं याला फ्लाय फिशिंग म्हणतात.

दुकानात गेलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं.

‘‘कितीचा रॉड?’’ दुकानदारानं विचारलं.

‘‘स्वस्तातला.’’

‘‘नाही, किती वजनाचा?’’

‘‘हलका.’’

त्यानं शेजारच्या माणसाकडे पाहिलं. त्या माणसानं छताकडे पाहिलं. शेवटी माझ्यासाठी नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड ठरला. मग आकड्यांचा तास सुरू झाला. रॉडचा नंबर वाढला की रॉड दणकट होतो. टोकाच्या दोऱ्याचा, म्हणजे टिपेटचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो. आकड्याचा नंबर वाढला की आकडा लहान होतो, पण तोही सगळ्या आकड्यांचा नाही. मोठ्या आकड्यांना नंबरापुढे शून्य लावतात आणि मग नंबराबरोबर आकडा मोठा होत जातो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. असलं डिझाइन कुणी माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी त्याला दोन दिवस रजा घ्यायला सांगितलं असतं. इथे मात्र मी ‘अर्थात, अर्थात’ म्हणत मान डोलावत होतो. दुकानदारापुढे अज्ञान लपवण्यासाठी पुरुष किती पैसे खर्च करू शकतो याला मर्यादा नाही. त्या भरात मी रीळ घेतलं, जाळी घेतली, आकडा सोडवायचा चिमटा घेतला, तो चिमटा अंगावर लटकवायला आपोआप गुंडाळणारी दोरी घेतली आणि फ्लाय पाण्यावर तरंगावी म्हणून तिला लावायचं तेल घेतलं. शेजारीच फ्लाय बुडावी म्हणून लावायचं औषध होतं. तेही घेतलं.

माझी बायको मालवणची. तिनं बिल वाचलं.

‘‘एवढ्यात सुरमई किती आली असती?’’

‘‘हे खायचे मासे नाहीत. पकडून सोडून द्यायचे असतात.’’

ती बराच वेळ गप्प होती.

‘‘म्हणजे मासा मिळाला तरी मासा नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि नाही मिळाला तर?’’

‘‘तर नाहीच.’’

‘‘मग घरी बस की. तेच होईल.’’

या युक्तिवादाला उत्तर नसल्यामुळे मी वेडर्स आणायला गाडीकडे गेलो. वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी, पट्ट्यांनी खांद्याला अडकवलेली, पाणी आत न येऊ देणारी विजार. टेक्सासातल्या जानेवारीत सकाळी सात वाजता दोन अंश असतात आणि दुपारी दोनला पंचवीस. त्यामुळे सकाळी अंगावर चढवलेले लोकरीचे थर दुपारी वेडर्सच्या आत वाफाळायला लागतात. काढायचे तर आधी बेल्ट, मग जाकीट, मग पट्टे, मग बूट. शिवाय नदीच्या मधोमध उभं असताना पाण्याचा खळखळाट अखंड कानांवर पडत असतो. त्याचा पन्नाशीतल्या माणसावर जो परिणाम व्हायचा तो होतो, आणि काठ दूर असतो.

शिवाय तो काठही आपला नसतो. टेक्सासात मोठ्या नदीचं पात्र जनतेचं, पण काठ बहुतेक ठिकाणी खाजगी. म्हणजे पाण्यात उभं राहायचा हक्क तुम्हाला जन्मतः आहे, फक्त पाण्यापर्यंत पोचायचा नाही. यावर उपाय म्हणून ट्राउटप्रेमींची इथली संघटना काठावरच्या मालकांकडून वाटा भाड्यानं घेते, सभासद त्याची वर्गणी भरतात आणि कुणाच्या तरी परसातून, कुणाच्या तरी बार्बेक्यूच्या धुरातून, कुत्र्यांना हाय-हॅलो करत रानावनाकडे प्रस्थान ठेवतात.

पुण्यात शिकत होतो तेव्हा खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक सोडले ही पेपरातली बातमी मी कधी वाचली नाही. आता रोज सकाळी चहाआधी कॅन्यन धरणाचे क्युसेक बघतो. पाणी फार कमी असलं तर मासे दिसतात पण घेत नाहीत. फार जास्त असलं तर मासे घेत असतील, पण आपण वाहत न्यू ब्राउनफेल्सला पोचतो. मधलं जे काही आहे ते नेमकं मंगळवारी असतं.

‘‘आज ऑफिसला लवकर जायचंय ना?’’ बायको विचारते.

‘‘दोनशे दहा आहे,’’ मी म्हणतो.

मुलं हल्ली मधे बोलत नाहीत.

आता फेक. १९९२ साली रॉबर्ट रेडफर्डनं मोंटानातल्या नद्यांवरचा एक सिनेमा काढला. त्यात कोवळ्या उन्हात ब्रॅड पिट दोरी हवेत अशी काही खेळवतो की बघणाऱ्याला आपलं आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटतं. त्या सिनेमानंतर अमेरिकेत रॉड विकत घेणाऱ्यांची झुंबड उडाली. यातल्या एकालाही सिनेमात झाडं कुठे आहेत हे बघायचं सुचलं नाही. ग्वाडलूपच्या दोन्ही काठांवर सायप्रसचे थोराड वृक्ष ओणवे उभे आहेत. रॉड घड्याळातल्या दहा आणि दोन या आकड्यांच्या मधेच हलवायचा, असा नियम आहे. माझी दोरी साडेतीनपर्यंत जाते, आणि साडेतीनला सायप्रस आहे. या झाडाची पानं हिवाळ्यात झडतात. तेव्हा गेल्या कित्येक मोसमांत अडकलेल्या फ्लाय फांद्याफांद्यांवर स्पष्ट दिसायला लागतात, आणि कुठली कोणाची हे जाणकार खालून ओळखतात.

फ्लाय झाडात गेली की नवी बांधायची. वीस नंबरच्या आकड्याचं भोक उघड्या डोळ्यांनी दिसत नाही, आणि चष्म्यातून बघावं तर माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. वरच्या भागातून समोरचा डोंगर दिसतो, खालच्या भागातून गुडघे. भोक नेमकं या दोहोंच्या मधे असतं. गार पाण्यानं बोटं बधिर. दोरा तोंडात. अशा अवस्थेत एकदा वन्यजीव खात्याचा अधिकारी परवाना तपासायला आला. तोंडातला दोरा न सोडता मी त्याला परवाना दाखवला.

‘‘काही मिळालं?’’ त्यानं विचारलं.

‘‘हवा छान आहे,’’ मी दातांतून म्हणालो. त्यानं सहानुभूतीनं खांद्यावर थोपटलं. या नदीवर ‘नाही’ हा शब्दच नाही. ‘पाणी जरा गढूळ आहे’, ‘ऊन फार स्वच्छ पडलंय’, ‘दोन हुकले’ आणि सर्वांत वरचं म्हणजे ‘काल यायला हवं होतंस’. काल सगळ्यांना मासे मिळालेले असतात. काल आलेल्यांना परवा यायला सांगितलेलं असतं.

आमच्या नदीवर एक गुरुजी आहेत. निवृत्त पेट्रोलियम इंजिनिअर, टोपीभर फ्लाय टोचलेल्या. नदीतला दगड उचलून उलटा करायचा आणि त्याला चिकटलेले किडे नवशिक्यांना दाखवायचे, ही त्यांची शिकवण्याची पद्धत.

‘‘हा कोण?’’

‘‘किडा.’’

‘‘कुठला?’’

‘‘पाण्यातला.’’

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. तो बेटिस जातीच्या मेफ्लायचा डिंभक होता. मासा आज काय खातोय ते बघून हुबेहूब तोच किडा त्याला द्यायचा, हे या विद्येचं सार. त्यासाठी डब्यांवर डबे. फेजंटच्या शेपटीचे तंतू, सशाच्या कानाचे केस, मोराच्या पिसाच्या काड्या. एवढं साहित्य घेऊन मी रत्नागिरीत अमावास्येला फिरलो असतो तर गावानं धरून ठेवलं असतं.

पण ज्या माशासाठी हे चाललंय त्याचं पूर्वायुष्य बघा. तो जन्मला पैदास केंद्रात. वाढला सिमेंटच्या हौदात. परवा दुपारी ट्रकमधून उतरेपर्यंत त्यानं तपकिरी गोळ्यांखेरीज दुसरं काही खाल्लेलं नाही. बेटिस त्यानं पाहिलेला नाही. मलाही गुरुजींनी दाखवेपर्यंत ठाऊक नव्हता. या गोळीसारखी दिसणारी फ्लायही बाजारात मिळते. कुठलाही स्वाभिमानी माणूस ती वापरत नाही. प्रत्येकाच्या डबीत मात्र ती असते, झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात, आणि विचारलंच तर ‘कुणीतरी दिली होती’ असं तो सांगतो.

पुस्तकं म्हणतात, माशाला तुमची सावली दिसता कामा नये. म्हणून आम्ही दगडांआडून गुडघ्यांवर रांगत पुढे सरकतो. एकदा मी असा रांगत काठाशी पोचलो, हळूच मान वर काढली, तर समोर पाच-सहा ट्राउट माझ्याकडे तोंड करून उभे. हौदात माणसाची सावली पडली म्हणजे जेवण आलं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. ते वाढायची वाट बघत होते. मी त्यांच्यापुढे वुली बगर टाकली, झेब्रा मिज टाकली, शेवटी लाज सोडून नुसत्या लाल दोऱ्याचं गांडूळ टाकलं. त्यांनी एकेक पदार्थ जवळ येऊन बघितला आणि ताट परत पाठवलं. मग इकडेतिकडे बघून मी डबीच्या झाकणातला तो कोपरा उघडणार, तोच मागून गुरुजींचा आवाज आला, ‘‘काय लावतोयस?’’ मी डबी बंद केली.

ट्रकला रस्ता लागतो. त्यामुळे मासे पुलापाशी सोडले जातात आणि बरेच दिवस पुलापाशीच घुटमळतात. हे नदीवरच्या प्रत्येकाला माहीत आहे आणि कुणी बोलून दाखवत नाही. सकाळी सगळे तज्ज्ञ पुलाकडे तुच्छतेनं बघत वरच्या अंगाला, ‘खऱ्या पाण्याकडे’ जातात. प्रत्येकाची एक गुप्त जागा असते, तिथे तो दिवसभर सायप्रसशी झगडतो. संध्याकाळी चारच्या सुमारास एकेक जण सहज फिरत आल्यासारखा पुलाखाली उगवतो. ‘‘गाडी इकडेच लावलीय,’’ असं न विचारता सांगतो. पाचपर्यंत पुलाखाली दादरचा प्लॅटफॉर्म झालेला असतो.

या मंडळींतही माशांची प्रतवारी आहे. काल-परवा उतरलेला तो सामान्य. एखादा टेक्सासचा उन्हाळा धरणाखालच्या गार पाण्यात काढून तगला तर तो होल्डओव्हर. सिमेंटवर घासून झिजलेले त्याचे पर तोवर पुन्हा भरून येतात, रंग उजळतो आणि त्याच्याबद्दल लोक खालच्या आवाजात बोलतात. साठच्या दशकात दोन सुटकेस घेऊन आलेल्या काकांनी कालच्या विमानानं आलेल्या पोराकडे मंडळाच्या गणपतीत बघावं, तसे आम्ही नव्या माशांकडे बघतो. अर्थात आपण पकडलेला प्रत्येक मासा होल्डओव्हरच असतो. झिजलेले पर फोटोत अंगठ्याखाली दाबता येतात.

नदी नको, गर्दी नको, म्हणून मी एकदा गावातल्या तळ्यावर गेलो. राज्याचं खातं दर हिवाळ्यात तीन लाखांच्या आसपास ट्राउट सोडतं, त्यातले पुष्कळ शहरांतल्या बागांमधल्या तळ्यांत जातात. तारखा आधी जाहीर होतात. तिथे एक आठ-नऊ वर्षांची मुलगी उलट्या बादलीवर बसली होती. हातात प्लास्टिकची काठी, शेजारी मक्याच्या दाण्यांचा डबा. सतरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, त्यामुळे तिच्याकडे तोही नव्हता. मी वेडर्स घातले होते. तळं घोट्याइतकं होतं.

‘‘तुम्ही पूर ओसरवायला आलात का?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही, मासे पकडायला.’’

‘‘मग दोरी हवेत का फिरवताय? मासे खाली आहेत.’’

तिचे पाच झाले. तळ्यावर दिवसाला पाचच मासे ठेवता येतात, म्हणून ती सामान आवरून निघाली. जाताना तिनं मक्याचा डबा माझ्यापुढे धरला. मी मान ताठ ठेवून नाही म्हटलं. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मान ताठ होती.

अखेर मला मासा मिळाला तो जानेवारीतल्या एका सकाळी, रत्नागिरीला संध्याकाळचं जेवण आटोपायच्या सुमारास. मी पाण्यात उभा राहून आईशी व्हिडिओवर बोलत होतो. रॉड काखेत होता, फ्लाय प्रवाहात लोंबत होती.

‘‘अरे, तुझ्या काठीला काहीतरी लागलंय बघ,’’ आई म्हणाली.

‘‘प्रवाह आहे तो.’’

‘‘प्रवाह कशाला झटके देतोय? ओढ!’’

काठावरून गुरुजी ओरडले, ‘‘पळू दे त्याला! पळू दे!’’

‘‘ओढ रे! सैल सोडू नको!’’ खिशातून आई.

‘‘रॉड उंच! उंच!’’

‘‘तो म्हातारा काय म्हणतोय? त्याचं ऐकू नको!’’

दोन खंडांतून असं मार्गदर्शन चालू असताना मासा केव्हा जाळीत आला ते मला कळलं नाही. अकरा इंची, कुशीवर गुलाबी पट्टा, पर झिजलेले. हात ओले करून त्याला नीट धरला, कॅमेऱ्याकडे हात लांब करून फोटो काढला (सगळे असाच काढतात, मासा पुढे आणि माणूस मागे, म्हणजे मासा मोठा येतो), आकडा काढला आणि त्याला प्रवाहाकडे तोंड करून सोडून दिला. फोनमधून किंकाळी आली.

‘‘सोडलास?’’

‘‘आई, नियम आहे. नदीच्या या भागात अठरा इंचांहून लहान मासा ठेवता येत नाही.’’

‘‘केवढा होता?’’

‘‘अकरा इंच.’’

‘‘दोघांचं कालवण झालं असतं.’’ मग थोडा विचार करून म्हणाली, ‘‘हे मासे सरकार सोडतं ना? पैसे कोण देतं?’’

‘‘आम्हीच. परवान्याचे.’’

‘‘म्हणजे तू पैसे भरायचे, त्या पैशाचे मासे त्यांनी पाण्यात सोडायचे, ते तू पकडायचे आणि तूच परत पाण्यात सोडायचे.’’

‘‘हो.’’

‘‘मग मधे ट्रक कशाला?’’

या प्रश्नावर मी त्या दिवसापासून विचार करतो आहे. गुरुजींनाही भाषांतर करून सांगितला. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘तुझी आई चांगली मच्छीमार आहे.’’

मासा पाण्यात गेला तरी त्याची वाढ काही थांबत नाही. घरी पोचेपर्यंत तो तेरा इंची झाला होता. संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात, बायका हळदीकुंकवाकडे आणि आम्ही भज्यांकडे असताना, सोळाला टेकला. गुढीपाडव्याला तो अठराच्या पुढे जाणार इतक्यात धोका माझ्या लक्षात आला. अठरा इंच झाला की तो ठेवता आला असता, आणि मग ‘ठेवला का नाहीस?’ या प्रश्नाला उत्तर नाही. तेव्हापासून तो साडेसतरावर स्थिर आहे. नदीवर विचारलंत तर तुम्हाला साडेसतरा इंची मासे पकडलेले पुष्कळ लोक भेटतील.

मार्चमध्ये कॉलेजांना सुट्टी लागते आणि नदीवर टायरच्या ट्यूबा येतात. ग्वाडलूप खरी प्रसिद्ध आहे ती यासाठी. ट्यूबमध्ये पसरायचं, दुसऱ्या ट्यूबमध्ये बिअरचं खोकं ठेवायचं आणि वाहत जायचं. त्यांच्या दृष्टीनं आम्ही म्हणजे पात्रातले बोलके खुंट. ‘‘इथे मासे आहेत?’’ त्यांच्यातला एक तरंगत जाताना विचारतो. ‘‘ट्राउट,’’ मी म्हणतो. ‘‘टेक्सासात? कुणी सांगितलं तुला?’’ तो कळवळून म्हणतो आणि मला एक कॅन देऊ करतो. उगम आठवून मी तो घेतो.

मग उन्हाळा. पाणी तापायला लागलं की सज्जन माणसानं ट्राउटच्या वाटेला जाऊ नये, असा दंडक आहे. दमलेला मासा गरम पाण्यात सोडला तरी वाचत नाही. माशांना उन्हाळाभर पुरेसं गार पाणी मिळावं म्हणून आमच्या संघटनेनं नदी-प्राधिकरणाशी भांडून करार केलेला आहे. ते बाकी मला मनापासून आवडतं. ज्याला पकडायला जीव टाकायचा त्याच्यासाठी वकीलही लावायचा, असं प्रेम माणसांच्या वाट्यालाही क्वचितच येतं. तर उन्हाळ्यात रॉड घरी ठेवून आम्ही फक्त थर्मामीटर घेऊन नदीवर जातो, पाण्याचं तापमान बघतो, माना हलवतो आणि परत येतो. मागे धाकट्याला ताप आला तेव्हा घरभर शोधून थर्मामीटर सापडेना. वेडर्सच्या खिशातला मी काढून दिला तर बायकोनं तो माझ्याच हातात परत ठेवला आणि दुकानाचा रस्ता दाखवला.

नोव्हेंबरच्या शेवटाकडे ट्रक पुन्हा सुरू होतात. ऑस्टिन, सॅन अँटोनियो भागातल्या कुणा मराठी माणसाला यायचं असेल तर अगत्यानं या, पुलाखाली चारनंतर कुणालाही विचारा. परवाना आपला आपण काढायचा. डबा जास्तीचा आणा, गुरुजींना थालीपीठ आवडतं. माझ्याकडे वेडर्सची एक जादा जोडी आहे, दहा नंबरच्या पायाची. डावा पाय गळतो.